मांडवा ते तेरेखोल सायकलवर: वाट, फेरीबोटी आणि भरती-ओहोटीचं गणित

दर नोव्हेंबरात कोणी ना कोणी फोन करतंच, "अरे तू ते कोकण सायकलवर केलंस ना, आम्हाला प्लॅन दे की", मग मी अर्धा तास बडबडतो आणि समोरचा शेवटी विचारतो, "ते सगळं ठीक आहे, पण रोज किती किलोमीटर?" इथेच सगळी गोची आहे. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं, एक्सेल शीट बनवली, रोज १०० किमी, सहा दिवसांत गोवा, हायवेवर १०० काढतो तर समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर काय अवघड आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तवसाळच्या जेटीवर पोचलो तेव्हा शेवटची बोट गेली होती, समोर जयगडचे दिवे लुकलुकत होते, पाण्यातून अंतर म्हणाल तर हाकेचं आणि रस्त्याने वळसा घालायचा तर रात्रभराचा. जेटीच्या वरच्या घरातल्या आजींनी ओटीवर झोपू दिलं आणि पिठलं-भात वाढला, म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी दिवस खाडीवर मोजतो. आज कुठली खाडी ओलांडायची, तिच्या जेटीवर किती वाजता पोचायचं, बस. किलोमीटर आपोआप जमतात. खाली जे लिहितोय ते सगळं याच हिशोबाने आहे, तीन वेळा जाऊन आणि बऱ्याच चुका करून.

आधी जमीन समजून घ्या

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, हा गैरसमज डोक्यातून काढा. कोकणात डोंगर थेट समुद्रात उतरतात, दर दहा-पंधरा किलोमीटरवर एक खाडी किंवा नदी, मधे जांभ्याचा सडा, म्हणजे लाल कातळाचं उघडं पठार. म्हणजे होतं काय, गावातून निघालात की घाटी चढून सड्यावर जायचं, वर थोडं पळायचं, परत सरळसोट उतरून पुढच्या गावात, साकव किंवा पूल ओलांडला की परत घाटी. उंची फार नसते, शंभर-दीडशे मीटर, पण चढ मारके आहेत, सह्याद्रीच्या घाटासारखे वळणं घेत आरामात चढत नाहीत, आणि दिवसात असे सहा-सात येतात. ६०-६५ किमीच्या दिवसात हजार मीटरच्या आसपास चढाई होते. सामान लादलेल्या सायकलवर एवढं भरपूर झालं.

एकूण अंतर अलिबागजवळच्या मांडव्यापासून गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोलपर्यंत आडवाटा धरून साडेपाचशे-सहाशेच्या घरात जातं. नऊ-दहा दिवस ठेवा, एक आरामाचा. सुट्टी कमी असेल तर अर्धंच करा, मांडवा ते रत्नागिरी किंवा रत्नागिरी ते तेरेखोल, दोन्ही झकास आहेत. सहा दिवसांत सगळं उरकून फक्त रस्त्याचा डांबर बघून यायचं असेल तर त्यापेक्षा हायवेने जा, लवकर पोचाल.

कधी जायचं

नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी मध्य. ऑक्टोबरात हिरवं छान दिसतं पण उकाडा जीव काढतो आणि पावसाने उखडलेले रस्ते अजून दुरुस्त झालेले नसतात. फेब्रुवारी संपता संपता दमटपणा वाढतो, सकाळी दहानंतर सड्यावर सावली म्हणून सापडत नाही. मार्चमध्ये शिमगा, तेव्हा पालख्या गावोगाव फिरत असतात, बघायला अप्रतिम, पण राहायला खोली मिळत नाही कारण सगळे चाकरमानी घरी आलेले असतात. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा तर टाळाच, अलिबाग-काशीद पट्ट्यात गाड्यांच्या रांगेतून सायकल काढावी लागते. पावसाळ्यात नको, गेटवेच्या लाँची बंद असतात, खाडीच्या फेऱ्यांचाही भरवसा नसतो आणि जांभ्यावर शेवाळ चढलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट, तिथी. हो, कॅलेंडरवरची तिथी बघून निघायचं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचं साधं गणित आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, दुपारी आणि रात्रीही तोच, थोडा पुढेमागे. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हे अंदाजाचं गणित आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पक्की वेळ हवी तर मोबाईलवर रत्नागिरीचं भरतीचं कोष्टक बघा, पण चहा पिता पिता उद्याचा दिवस ठरवायला तिथीचं गणित पुरतं.

याचा सायकलवाल्याला काय उपयोग, तर ओहोटीला पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पाण्यालगतची ओली वाळू इतकी घट्ट असते की डांबरी रस्ता झक मारतो. प्रतिपदा ते चतुर्थी या दिवसांत सकाळी पावणेसात ते नऊच्या दरम्यान पूर्ण ओहोटी मिळते, शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ असल्यामुळे पाणी लांबपर्यंत मागे गेलेलं असतं. म्हणून मी मांडव्याहून चतुर्दशीला निघतो. मग चौथ्या दिवशी सकाळी कर्दे, द्वितीया, ओहोटी साडेसातला. पाचव्या दिवशी गुहागर, तृतीया, सव्वाआठला. दोन्ही पुळणी सकाळच्या उन्हात सायकलवरून. यापेक्षा भारी वेळापत्रक मला तरी जमलेलं नाही.

सायकल कोणती

जी आहे ती. खरंच. अट एकच, टायर किमान ३२ मिमी असावा, ३८-४० असेल तर उत्तम. २५ मिमीची रोडबाईक घेऊन आलेला एक मित्र दुसऱ्या दिवशी दोन पंक्चर आणि एक फाटलेली साइडवॉल घेऊन रडत होता, जांभ्याचे खडे सुरीसारखे असतात. गिअरचं मात्र बघा, पुढचं सगळ्यात लहान चाक आणि मागचं सगळ्यात मोठं चाक यांचे दाते जवळपास सारखे हवेत, ३४ला ३४ वगैरे, त्याहून सोपा गिअर असेल तर आणखी बरं. हायब्रिडवर हे बहुतेक असतंच. एमटीबी चालेल, फक्त टायर फार गुठळ्यांचे नकोत, नाहीतर डांबरावर घरघर ऐकून डोकं उठतं. फुल सस्पेन्शनची गरज नाही.

ब्रेक निघण्याआधी तपासून घ्या, पॅड अर्धे झिजलेले असतील तर बदला. कोकणात चढण्यापेक्षा उतरताना जास्त लोक पडतात, उतार संपतो तिथे नेमकं वळण, वळणावर मुरमाचे गोल खडे, कंच्यांवरून चालल्यासारखं होतं. पुढचा ब्रेक वळणात दाबायचा नाही, वळणाच्या आधीच वेग उतरवायचा.

सामान ८ किलोच्या आत. दोन सायकलिंगचे कपडे, एक रात्रीचा, पातळ टॉवेल, चप्पल, पुढचा-मागचा लाइट, औषधं. रोज संध्याकाळी धुवायचं, सकाळपर्यंत जेमतेम वाळतं, किनाऱ्यावर हवा दमट असते, न वाळलेलं सामानावर अडकवून निघायचं. तंबू नेऊ नका, दर दहा किलोमीटरवर कोणाचं तरी घर राहायला मिळतंय, कशाला ओझं.

स्पेअरमध्ये दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, मल्टीटूल, चेनचा क्विक लिंक, एक डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा) आपल्याच मॉडेलचा. हा हँगर दोन-तीनशे रुपयांचा तुकडा असतो पण तो तुटला आणि नसला की ट्रिप संपली, गावातल्या दुकानात तो मिळत नाही. दुसरी बारीक गोष्ट, ट्यूबला बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळेचं छोटं अडॅप्टर खिशात ठेवा, म्हणजे पेट्रोल पंपावर किंवा कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. गिअरच्या सायकलचं नीट काम होईल अशी दुकानं अलिबाग आणि रत्नागिरीत मिळतील, मधल्या गावांत साध्या सायकली दुरुस्त करणारे काका असतात, पंक्चर आणि स्पोक ते झकास करतात, गिअरला हात लावू देऊ नका.

तयारी म्हणाल तर महिनाभर आधीपासून चढ करा. मुंबई-ठाण्याकडचे येऊरला जातात, पुण्याचे बोपदेव किंवा सिंहगड. मुख्य म्हणजे एकदा तरी लागोपाठ तीन दिवस सामानासकट चालवून बघा. पहिल्या दिवशी सगळेच हिरो असतात, तिसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना कळतं.

नकाशाची एक खोड

मोबाईलच्या नकाशाला मुंबई ते वेंगुर्ला असं विचारलंत की तो तुम्हाला बिनदिक्कत हायवेवर नेऊन सोडतो, कारण त्याला फेरीबोटींचं प्रेम नाही. म्हणून रस्ता जेटी ते जेटी असा तुकड्यांत टाका: मांडवा ते आगरदांडा, दिघी ते बागमांडला, वेसवी ते दाभोळ, धोपावे ते तवसाळ, जयगडपासून पुढे. घरीच ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, सड्यावर रेंज मिळते पण खाली वाडीत उतरलात की गुल. याच कारणाने रोख पैसे ठेवा, यूपीआय सगळीकडे आहे पण रेंज नसली की त्याचा काय उपयोग.

आणि मुरुड दोन आहेत बरं का. एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यातलं, दुसरं हर्णैजवळचं, दापोली तालुक्यातलं. आमच्यातल्या एकाने दुसऱ्या मुरुडची खोली समजून पहिल्या मुरुडला ॲडव्हान्स भरला होता.

मांडवा ते हरिहरेश्वर

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, जाते, साधारण तासाभराचा प्रवास, सायकल सरळ ढकलत आत न्यायची. ही २०२० पासून सुरू झाली आणि सायकलवाल्यांचं भलं झालं. गेटवेच्या लाँचीवरही सायकल घेतात पण ते त्या दिवशीच्या गर्दीवर आणि खलाशाच्या मूडवर. सकाळची पहिली बोट पकडा. मांडवा ते अलिबाग २० किमी सपाट, तिथून रेवदंड्यापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रस्ता, मग कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई, काशीद, मुरुड. कोर्लईनंतर पहिले चढ लागतात, तिथे कळतं की सामान जास्त झालंय. एकूण ७० च्या आसपास. शनिवार-रविवार टाळा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला जाऊन बोटीने दिघी. जेटीवरचा उतार ओहोटीला शेवाळलेला असतो, तिथे सायकलवर बसायची हुशारी करू नका, उतरून हातात धरून चाला. दिघीतून थोडा अवजड ट्रकांचा रस्ता आहे, तो बोर्लीपर्यंत गप सोसायचा. दिवेआगरहून मात्र श्रीवर्धनला आतल्या रस्त्याने जाऊ नका, भरडखोल, शेखाडी, आरावीवरून समुद्राला चिकटून जाणारा रस्ता धरा. माझ्या मते अख्ख्या वाटेतला हा सगळ्यात देखणा तुकडा, डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला थेट लाटा, मधे आपण. इथे घाई करायची नाही. मुक्काम हरिहरेश्वर.

बाणकोटची खाडी ते गुहागर

बागमांडला-वेसवी बोटीतून बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब दिसतील, कित्येक वर्षं तसेच उभे आहेत. रेवस–रेड्डी सागरी महामार्गाचे या सगळ्या खाड्यांवरचे पूल व्हायचेत, ठिकठिकाणी कामं चालू आहेत. होतील तेव्हा गावकऱ्यांची सोय होईल, दवाखान्यासाठी बोटीची वाट बघणाऱ्या माणसाला सायकलवाल्याच्या रोमान्सशी काही घेणं नाही, पण तुम्हाला बोटीने जायचं असेल तर लवकर जाऊन या.

फेरीबोटींचं थोडं सांगतो. दाभोळ-धोपावे ही या पट्ट्यातली पहिली, २००३ मधे सुरू झाली, मग बाकीच्या आल्या. सायकलचं तिकीट चहा-वड्याच्या पैशात होतं. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, काही जेट्यांवर संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणून आदल्या रात्री जिथे उतरलात तिथल्या घरमालकांना विचारा, त्यांना नेटपेक्षा जास्त माहीत असतं. माझा नियम, दुपारी चारच्या आत जेटीवर. एक बोट चुकली तरी दुसरी असते.

वेसवीहून केळशीला जाताना भारजा नदी आडवी येते, पुलासाठी थोडं आत शिरावं लागतं, त्याला इलाज नाही. फेब्रुवारी-मार्चमधे असाल तर वेळासला मुक्काम करा, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतात. तिथल्या पुळणीवर सायकल घालू नका, कासवांच्या किनाऱ्यावर वाळूत कुठे घरटं असेल सांगता येत नाही. केळशी, आडे, पाडले, आंजर्ले हा पुन्हा किनाऱ्यालगतचा सुंदर तुकडा. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, बघायला थांबा, फक्त सायकलची चाकं नंतर धुवा, वास दोन दिवस जात नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कर्देची पुळण. आता वाळूवर चालवायचं कसं ते सांगतो. टायरमधली हवा थोडी कमी करा, बोटाने दाबून किंचित दबला पाहिजे. ओल्या पट्ट्यातच राहायचं, जिथे वाळू गडद आणि लकाकणारी दिसते तिथे, कोरडी पांढरी वाळू लागली की चाक रुततंच. गिअर हलका, पाय सतत फिरता, एकदम वळायचं नाही, ब्रेक लावायचा नाही. वहाळ समुद्राला मिळतो तिथे उतरून, चालत, आधी पायाने जागा चाचपून मगच पलीकडे, खाडीच्या मुखाशी तर अजिबात जायचं नाही, वरून घट्ट दिसणारा चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो. जाळी सुकत घातलेली असतील तर लांबून. आणि पाणी वळलं की, म्हणजे भरती सुरू झाली की, रस्त्यावर या, पुढे खडक असतील तर परतीची वाट बंद होते.

खारं पाणी सायकलचा शत्रू आहे. पुळणीवरून आल्यावर पहिल्या विहिरीवर किंवा नळावर चेन, चाकं, ब्रेक गोड्या पाण्याने धुवायचे, पुसायचे, तेलाचे थेंब. पहिल्या वर्षी मी हे "संध्याकाळी करू" म्हणून टाळलं, दुसऱ्या दिवशी चेन नारिंगी झाली होती, आणि तिचा आवाज गोव्यापर्यंत सोबतीला.

लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. पलीकडे धोपाव्याला उतरून गुहागर. दिवस ५५ किमीचाच पण छोटा वाटणार नाही.

गुहागर ते जयगड, म्हणजे परीक्षा

गुहागरची लांबलचक पुळण सकाळी मनसोक्त चालवून घ्या कारण नंतर हसू मावळणार आहे. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, प्रत्येक नावाच्या आधी एक उतार आणि नंतर एक चढ. काही चढांवर मी सरळ उतरून ढकलतो, लाज कसली. तीन किमीच्या वेगाने चालवण्यापेक्षा चार किमीने ढकललेलं बरं, पाठीलाही आराम. हेदवीला बामणघळ बघायची असेल तर भरतीला बघा, खडकातल्या चिरेत लाट घुसून उंच उडते. इथे बघा, पुळणीला ओहोटी हवी आणि घळीला भरती, तृतीयेला भरती सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे जेवून घळीवर जायचं आणि तीनला निघून चारच्या बोटीला तवसाळ. जमतं, मी केलंय.

पाण्याचं इथे नीट बघा. दोन बाटल्या भरलेल्या हव्यात, सड्यावर मैलोन्‌मैल दुकान नाही आणि दुपारी एक ते चार अख्खं कोकण झोपलेलं असतं, टपरीसुद्धा बंद. देवळात पाणी आणि सावली दोन्ही मिळतं, मंडपात अर्धा तास पडलात तर कोणी काही म्हणत नाही, चपला-बूट बाहेर. कोकम सरबतात चिमूटभर मीठ जास्त घालून घ्या, महागड्या पावडरींची गरज उरत नाही. क्रॅम्प यायला लागले तर ओआरएस.

जेवणाचं तंत्र वेगळंच आहे. घरगुती राहण्याच्या ठिकाणी काकू मोजून स्वयंपाक करतात, म्हणून दुपारीच फोन करून सांगायचं, "चार जण आहोत, दोन शाकाहारी, सायकलवाले आहोत, भात जास्त लागेल." आयत्या वेळी आठ वाजता टपकलात तर उपाशी झोपाल. सकाळी मात्र घावणे किंवा आंबोळ्या खाऊनच निघा.

जयगडपासून देवगड

जयगडला बंदरामुळे मोठे ट्रक असतात, तो पहिला भाग कडेकडेने. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, कविता आवडत असेल तर थांबा. गणपतीपुळ्याहून आरे-वारेचा रस्ता रत्नागिरीला आणतो, फोटो सगळ्यांनी बघितलेलाच आहे, सकाळी लवकर गेलात तर गाड्या नसतात. आरामाचा दिवस घ्यायचा तर रत्नागिरीत, सायकल दाखवून घ्या, कपडे धुवा, झोपा.

पुढे भाट्ये, पावस, पूर्णगडचा पूल, गावखडी, कशेळी. इथून थेट तेरेखोलपर्यंत सगळ्या खाड्यांवर पूल आहेत, बोटींचं टेन्शन संपलं. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला अवाढव्य हत्ती आहे, कातळशिल्प, कोणी आणि नेमकं कशासाठी कोरलं ते अजून कोडंच आहे. हा सगळा सडा कच्च्या वाटांसाठी सोन्यासारखा, चिरेखाणीचे रस्ते, गुरांच्या पायवाटा, दोन्हीकडे गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या भिंती. दिशा ठेवून घुसायचं, वाट संपली तर परत फिरायचं. उतरणारी वाट पुढे पाखाडी निघाली, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची, तर सायकल खांद्यावर घ्यावी लागते, पाखाडीवरून सायकल उतरवायचं धाडस कॅमेऱ्यासमोर ठीक, सामान असताना नाही. आणि अंधार पडायच्या आत डांबरावर या. डिसेंबरात सहा वाजताच सूर्य बुडतो, त्यानंतर रस्त्यावर चिऱ्यांचे ट्रक आणि ऊब शोधत आलेले साप.

आडिवरे, नाटे, जैतापूर, मग पडेलवरून देवगड. लांब दिवस आहे, विजयदुर्ग बघायचा असेल तर दोन दिवस करा, किल्ला धावत बघण्यासारखा नाही.

सिंधुदुर्ग आणि शेवटची बोट

देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण. चढ आहेत पण पाय आता तयार झालेले असतात. आचऱ्याजवळ एका आजोबांनी थांबवून विचारलं, "खंयसून इलास?" म्हटलं मुंबईहून. "मुंबयसून? सायकलीर? पेट्रोलाक पैशे नाय काय?" मी काही बोलायच्या आत घरात गेले आणि दोन शहाळी घेऊन आले.

मालवणनंतर तारकर्ली-देवबागची जमिनीची पट्टी पुढे संपते, पलीकडे कर्ली खाडी. रस्त्याने जायचं तर मागे येऊन नेरूरपारच्या पुलावरून परुळे. नाहीतर देवबागात होडीवाल्याशी बोला, तयार झाला तर सायकली आडव्या घालून पलीकडे सोडतो, पैसे आधी ठरवा, लाइफजॅकेट मागून घ्या आणि वारा असेल तर हट्ट करू नका. मग भोगवे, निवती, वेंगुर्ले.

शेवटचा दिवस सोपा. मोचेमाड, मग आरवलीचा वेतोबा, त्याला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, रात्री तो गावभर फिरतो म्हणून झिजतात असं लोक सांगतात. नऊ दिवस टायर झिजवून आलेल्या माणसाला हा देव लगेच आपला वाटतो. शिरोडा, १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते गाव, मग रेडी, आणि तेरेखोलचा किल्ला. किल्ला खाडीच्या उत्तरेला असूनही गोव्याचा आहे. खालच्या धक्क्यावरून गोवा सरकारची बोट केरीला सोडते, सहावी आणि शेवटची. केरीच्या सुरूच्या बनात सायकल आडवी टाकून पडायचं.

परत कसं यायचं

केरीहून हरमल, मोरजी, शिवोलीचा पूल ओलांडून म्हापसा आणि थिवी स्टेशन. मांडवी दिवसाची, कोकणकन्या रात्रीची, दोन्ही थिवीला थांबतात. सायकल आपल्याच तिकिटावर लगेज म्हणून बुक होते, पार्सल ऑफिसमध्ये गाडीच्या किमान दोन तास आधी जा, ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा. पेडल काढून घ्या, हँडल आडवं वळवा, बाटल्या-लाइट-पिशव्या काढा, डिरेलरच्या बाजूला जुना पुठ्ठा बांधा आणि नाव, फोन, उतरायचं स्टेशन दोन ठिकाणी लिहा, एक चिठ्ठी फाटतेच. स्टेशन छोटं, गाडी थोडाच वेळ थांबते, म्हणून लगेजचा डबा कुठे येतो ते हमालदादांना आधीच विचारून तिथेच उभे राहा. मागच्या खेपेला मी वडापाव घ्यायला गेलो आणि सायकल गाडीत चढली की नाही हे मला थेट ठाण्याला कळलं.